भ्रूणसंशोधन आणि ख्रिस्ती विचार : ब्रिटनमधील चर्चेच्या संदर्भात

मानवी भ्रूणावरील संशोधनाच्या चर्चेत एका बाजूस विज्ञान व दुसऱ्या बाजूस ख्रिस्ती धर्म अशी मांडणी सर्रास केली जाते. ब्रिटनमधील घटनाक्रम पाहता ती टिकत नाही. तेथील महत्त्वाचा मतभेद ख्रिस्ती विचारवंतांमध्येच होता. भ्रूणास ‘व्यक्ती’ केव्हा मानावे हे निश्चित सांगता येत नसेल, तर कसे वागावे, हा त्याचा गाभा होय.

1978 साली पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाल्यावर ब्रिटिश शासनाने 1982 मध्ये तत्त्वज्ञ मेरी वॉरनॉक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. फलनानंतर 14 दिवसांपर्यंतच संशोधनास मुभा असावी, अशी शिफारस तिने 1984 मध्ये केली. त्या सुमारास भ्रूणात शरीराच्या अक्षाची पहिली रेषा उमटते. तोपर्यंत एका भ्रूणापासून जुळी होऊ शकतात. समितीतील तीन सदस्यांनी मात्र अशा संशोधनासच विरोध नोंदविला.

फलनक्षणीच आत्मा प्रवेशतो असे रोमन कॅथॉलिक चर्चचे अधिकृत मत आहे, असा समज रूढ आहे. वस्तुतः व्हॅटिकनच्या 1987 च्या ‘डोनम व्हिटे’ या निवेदनाने त्या तात्त्विक प्रश्नाचा निकाल दिलेला नाही. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस तर विवेकशील आत्मा नंतर येतो असेच मानत असे. चर्चचा युक्तिवाद वेगळा आहे : शंका असली तरी मनुष्यहत्येचा धोका पत्करणे हेच पाप होय. 1974 च्या गर्भपातविषयक घोषणापत्रात तो स्पष्टपणे येतो.

याउलट अँग्लिकन धर्मशास्त्रज्ञ गॉर्डन डन्स्टन यांनी ‘आकारलेला’ व ‘न आकारलेला’ गर्भ हा जुना भेद पुढे आणून संरक्षण क्रमाक्रमाने वाढते असे प्रतिपादिले. यॉर्कचे आर्चबिशप जॉन हॅबगुड, जे स्वतः शरीरक्रियाशास्त्राचे संशोधक होते, यांनीही उमरावांच्या सभागृहात संशोधनाचे समर्थन केले. 1990 मध्ये 14 दिवसांची मर्यादा कायद्यात आली. डन्स्टन यांचा आधार मात्र काहीसा तोकडा वाटतो. कारण तो जुना भेद मुख्यतः शिक्षेच्या तीव्रतेविषयी होता, भ्रूणाच्या वापराविषयी नव्हे. त्यांच्याच पंथातील ऑलिव्हर ओ’डोनोव्हन यांनी 1984 मध्ये निराळाच मुद्दा मांडला : अपत्य ही ‘जन्म दिलेली’ व्यक्ती की ‘बनविलेली’ वस्तू?

2021 मध्ये स्टेम सेल संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 14 दिवसांपलीकडील संवर्धन सरसकट निषिद्ध मानणे सोडले. भारताच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही हीच मर्यादा आहे. संरक्षण क्रमाने वाढते असे मानणाऱ्यांना ती नेमकी चौदाव्या दिवशीच का, याचे उत्तर आता नव्याने द्यावे लागेल. फलनापासून संरक्षण मागणाऱ्यांपुढे हा प्रश्न उद्भवतच नाही.