दोन निरोप, एकच गाव

20 जानेवारी 2008 च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ग्रीन बेच्या लॅम्बो फील्डवर पारा उणे 18 सेल्सियसच्या आसपास होता. न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धचा अमेरिकन फुटबॉलचा सामना 20-20 अशा बरोबरीमुळे जादा वेळेत गेला होता. 38 वर्षांच्या ब्रेट फार्वने फेकलेला चेंडू जायंट्सच्या कोरी वेब्स्टरने पकडला. थोड्याच वेळात लॉरेन्स टाइन्सने 47 यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला आणि ग्रीन बे पॅकर्सचा मोसम संपला. पॅकर्सच्या जर्सीत फार्वने फेकलेला तो शेवटचा चेंडू.

मार्चमध्ये त्याने डोळ्यांत पाणी आणून निवृत्ती जाहीर केली. उन्हाळ्यात मन पालटलं. क्लबचं मन मात्र पालटलं नाही. ऑगस्टमध्ये पॅकर्सने त्याला न्यूयॉर्क जेट्सला देऊन टाकलं. मोबदल्यात काय मिळालं? पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या निवडीत, तिसऱ्या फेरीतला एक हक्क.

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. 1992 मध्ये पॅकर्सचा तेव्हाचा व्यवस्थापक रॉन वुल्फने अटलांटाकडून आणलेला क्वार्टरबॅक फार्व तेव्हापासून पॅकर्ससाठी साखळीतले सलग 253 सामने पहिल्या चालीपासून खेळला. 1995 पासून सलग तीन मोसम त्याला सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला (तिसऱ्या वेळी विभागून) आणि 1997 च्या जानेवारीत त्याने सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकून दिला. त्यात ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचं शहर. क्लबला कोणी धनाढ्य मालक नाही. 1923 पासून तो भागधारकांचा आहे आणि आज त्यांची संख्या 5 लाखांवर आहे. त्या समभागांवर लाभांश मिळत नाही, बाजारात ते विकताही येत नाहीत. माणसं केवळ आपलेपणापोटी ते घेतात. म्हणूनच फार्वचं जाणं तिथे घरातल्या कर्त्या माणसाला वेगळं काढल्यासारखं लागलं. ऑगस्टमधल्या सरावात प्रेक्षकांनी त्याच्या जागी आलेल्या 24 वर्षांच्या ॲरन रॉजर्सची हुर्यो उडवली. त्या पोराने काय बिघडवलं होतं?

माझ्या मते खरा निर्णय 2008 मध्ये झालाच नव्हता. तो एप्रिल 2005 मध्ये झाला. ड्राफ्टमध्ये घसरत घसरत 24 व्या क्रमांकापर्यंत आलेल्या रॉजर्सला व्यवस्थापक टेड थॉम्पसनने उचललं, तेव्हाच घड्याळ सुरू झालं. रॉजर्सचा करार पाच वर्षांचा होता आणि त्यातली तीन त्याने बाकावर बसून काढली होती. फार्वला आणखी एक मोसम ठेवलं असतं, तर चौथंही वर्ष तसंच गेलं असतं आणि नव्या कराराची मोठी रक्कम ठरवताना क्लबने त्याला धड खेळताना पाहिलेलंही नसतं. त्याला संधी मिळाली आणि 2008 च्या मोसमाच्या मध्यावरच त्याच्याशी दीर्घ करार झाला.

जेट्सने फार्वला शेजारच्या मिनेसोटा व्हायकिंग्जकडे धाडलं, तर पहिल्या फेरीचे तीन हक्क पॅकर्सला द्यावे लागतील, अशी अट सौद्यात असल्याचं तेव्हा छापून आलं. मोडीत निघालेल्या वस्तूला एवढं भक्कम कुलूप कोणी लावत नाही. फार्व संपलेला नाही, हे क्लबला ठाऊक होतं. टीकाकारांची आणि समर्थकांचीही चूक नेमकी इथे होते. सौदा म्हणजे म्हाताऱ्या खेळाडूवरचा निकाल, असं दोघंही धरून चालतात. प्रश्न होता तो फार्व आणि रॉजर्सला एका घरात किती दिवस ठेवायचं, एवढाच.

पुढचे निकाल पाहा. 2008 मध्ये पॅकर्स 6 जिंकले, 10 हरले. 8-3 अशी झेप घेतलेले जेट्स दुखऱ्या हाताच्या फार्वसह 9-7 वर थांबले. मग पुन्हा निवृत्ती, पुन्हा परतणं. जेट्सने मोकळं केल्यामुळे ती अट निकामी ठरली आणि 2009 मध्ये फार्व व्हायकिंग्जकडूनच उतरला. 33 टचडाउन पास, फक्त 7 चेंडू विरोधकांच्या हाती, आणि पॅकर्सवर दोन विजय, त्यातला एक लॅम्बोवर! त्या हिवाळ्यात विचारलं असतं, तर थॉम्पसन दोषी ठरला असता. फेब्रुवारी 2011 मध्ये रॉजर्सने पिट्सबर्गला 31-25 ने हरवून सुपर बोल आणला आणि तोच थॉम्पसन द्रष्टा ठरला. मधल्या काळात ऑगस्ट 2008 चा निर्णय तसूभरही बदलला नव्हता.

2005 नंतर 15 वर्षांनी सगळं पुन्हा घडू लागलं. 2020 च्या ड्राफ्टमध्ये पॅकर्सने क्वार्टरबॅक जॉर्डन लव्हला निवडलं. डिवचलेल्या रॉजर्सने त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. लव्ह तीन वर्षं थांबला. एप्रिल 2023 मध्ये रॉजर्स गेला तोही जेट्सकडेच. त्याच्या जुन्या कराराचे सुमारे 4 कोटी डॉलर पॅकर्सच्या त्या वर्षीच्या वेतनमर्यादेत मोजले गेले, म्हणजे न खेळणाऱ्या माणसासाठी तेवढी जागा अडून राहिली. ही किंमत लहान नव्हे, पण एकदाच मोजायची होती.

सप्टेंबरमध्ये जेट्सकडून चौथ्याच चालीत रॉजर्सच्या टाचेची शीर तुटली. पॅकर्सने बरोबर ओळखलं, असं लोक म्हणू लागले. ही वाहवा मला पटत नाही. टाच तुटणार हे कोणालाच दिसत नाही. उलट त्या दुखापतीने पॅकर्सचं नुकसानच केलं. रॉजर्स 65 टक्के चाली खेळला असता, तर सौद्यात पॅकर्सला मिळालेला 2024 चा दुसऱ्या फेरीचा हक्क पहिल्या फेरीचा झाला असता. इकडे लव्हचा संघ आधी 3-6 असा चाचपडला, पण मोसम 9-8 वर संपवून त्याने बाद फेरीत डॅलसला त्यांच्याच मैदानावर 48-32 ने हरवलं.

2008 चा निर्णय मी योग्यच मानतो. निरोपाची रीत मात्र चुकली, दोन्ही बाजूंनी, आणि ती जखम भरायला सात वर्षं लागली. 26 नोव्हेंबर 2015 च्या पावसाळी रात्री लॅम्बोवर फार्वचा 4 हा जर्सी क्रमांक कायमचा झळकला. 81 वर्षांचे, आजारी बार्ट स्टार, 1960 च्या दशकातले पॅकर्सचे क्वार्टरबॅक, त्याच्यासाठी मैदानात आले होते. फार्वने त्यांना मिठी मारली. त्याच सामन्यात रॉजर्स खेळत होता. पॅकर्स शिकागोकडून 17-13 ने हरले.