‘झालं’ या शब्दावर किती विश्वास ठेवायचा?

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाण पाहिलं. कुणाच्या शब्दाला प्रमाण मानायचं? न्यायदर्शनाचं उत्तर असं, की ज्याला वस्तुस्थिती प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आज हीच कसोटी संगणकाला लावून बघू.

आपल्या अंबाडी नाक्यावरचा एखादा जुना दुकानदार डोळ्यांपुढे आणा. व्यवहार झाला की नोंद आधी कीर्दीत, मग सवडीने खतावणीत. आता समजा, हा दुकानदार कागद वाचवायला खतावणी पुरी झाली की कीर्दीची जुनी पानं पुसून पुन्हा वापरतो. मग सगळी मदार एका शब्दावर आली: खतावणी ‘झाली’.

पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस साधारण असाच चालतो. बदल आधी त्याच्या कीर्दीत, मग मुख्य फायलींत. पण फायलीत लिहिलं म्हणजे डिस्कवर गेलं असं नव्हे, बरं का. लिनक्स ते आधी स्मृतीत ठेवतो. वीज गेली की ते गेलं. म्हणून डेटाबेस ‘एफसिंक’ नावाची आज्ञा देतो: डिस्कवर पोचव आणि मग सांग. होकार आला की कीर्दीचा जुना भाग मोकळा होतो.

आणि नकार आला तर? डेटाबेस चूक नोंदवून थोड्या वेळाने पुन्हा विचारायचा. आपणही हेच केलं असतं, नाही का? पण मार्च २०१८ मध्ये क्रेग रिंगर यांनी दाखवून दिलं, की इथेच घात आहे. लिखाण फसल्यावरही लिनक्स स्मृतीतल्या त्या पानांवरची ‘लिहायचं बाकी’ ही खूण काढून टाकू शकतो. दुसऱ्यांदा विचारलं, की बाकी काहीच दिसत नाही. म्हणून उत्तर येतं, ‘झालं’. डेटाबेस कीर्द मोकळी करतो. आता नोंद खतावणीत नाही आणि कीर्दीतही नाही.

इथे कुणी खोटं बोललं का? दुसऱ्या उत्तराचा अर्थ एवढाच, की आता काही बाकी नाही. ऐकणाऱ्याने अर्थ घेतला, की सगळं पोचलं. शब्द एक, अर्थ दोन.

दुरुस्ती सुचवली गेली ती अशी: एफसिंक फसलं की पुन्हा विचारायचंच नाही. डेटाबेसने तिथल्या तिथे थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं आणि कीर्दीवरून खतावणी नव्याने लिहायची. आता आपण तपासनीस आहोत असं समजू. पहिला आक्षेप मनात येईल तो हा, की एका चुकीसाठी चालतं काम बंद पाडायचं? आक्षेप रास्त आहे. पण थांबलेला डेटाबेस सगळ्यांना दिसतो. हरवलेली नोंद कुणालाच दिसत नाही, आणि महिन्याभराने दिसली तर तोवर कीर्दही गेलेली असते. दुसरा प्रश्न: सगळीकडे हेच लागू का? नाही. फ्रीबीएसडीसारख्या प्रणालीत फसलेलं पान ‘बाकी’च राहतं, तिथे पुन्हा विचारण्यात अर्थ आहे. म्हणून ‘डेटा सिंक रिट्राय’ नावाची एक कळ ठेवली, मुळात बंद असलेली. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०१८ मध्ये स्वीकारली गेली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ११.२ आवृत्तीतून, तसंच जुन्या आवृत्त्यांच्या सुधारणांतून, लोकांपर्यंत पोचली.

बघा, बदललेल्या ओळी तपासताना ‘हे चालतं का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘हे फसलं तर पुढचा होकार कशाच्या आधारावर येईल?’ हेही विचारावं लागतं. ज्याने पाहिलेलं विसरून टाकलं, तो प्रामाणिक असला तरी त्या गोष्टीपुरता आप्त राहत नाही.

घरी जाऊन एवढं करा: आपण दिवसभरात किती वेळा ‘झालं’ ऐकतो आणि त्यावर कुठली कीर्द पुसून टाकतो, ते मोजा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.