स्वमग्नता : मेंदूचे चित्र काय सांगते आणि काय सांगत नाही

नातवंडाला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असल्याचे डॉक्टरांनी सांगितले की घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात दोन प्रश्न हमखास उभे राहतात. 'आमच्या संगोपनात काही चुकले का?' हा पहिला आणि 'मेंदूचा स्कॅन काढला तर नक्की काय ते कळणार नाही का?' हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मनावरचे ओझे उतरवणारे आहे. दुसऱ्याचे उत्तर प्रथमदर्शनी निराश करील. पण ते नीट समजून घेतल्यास आपला पैसा, वेळ आणि मनस्ताप वाचेल.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र ओळख मिळाली. त्यानंतरची कित्येक वर्षे मात्र आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, हा समज तज्ज्ञांमध्येही रूढ होता. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी १९६४ साली त्याला ठाम विरोध केला. ते स्वतः स्वमग्न मुलाचे वडील होते. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसून आला. स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतील फरक आहे, आईच्या मायेतील उणीव नव्हे, हे आज निर्विवाद आहे.

हा फरक मेंदूत नेमका कुठे आहे? साध्या एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते आणि स्वमग्न मुलांचा असा अहवाल बऱ्याचदा सर्वसाधारणच येतो. म्हणून संशोधक 'फंक्शनल एमआरआय' वापरतात. मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे प्राणवायूयुक्त रक्ताचा ओघ वाढतो आणि हे यंत्र तो बदल टिपते. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ भरत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले की, माणूस स्वस्थ पडून असतानाही हातांच्या हालचाली सांभाळणारे मेंदूचे डावे व उजवे भाग एकाच लयीत चढउतार करीत असतात. भजनात टाळ आणि मृदंग एका लयीत ऐकू आले, की वादक न दिसताही ते एकमेकांकडे लक्ष देऊन वाजवीत आहेत हे आपण ओळखतो. त्याचप्रमाणे दोन भागांची लय जुळली, की त्यांच्यात जोडणी आहे असे अनुमान केले जाते. येथे प्रत्यक्ष तंतू दिसत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

पिट्सबर्ग येथील संशोधकांनी २००४ साली १७ स्वमग्न आणि १७ इतर व्यक्तींना वाक्ये वाचावयास देऊन त्यांचे मेंदू तपासले. स्वमग्न व्यक्तींमध्ये मेंदूच्या भागांची लय कमी जुळत होती. 'मेंदूतील दूरच्या जोडण्या क्षीण' ही कल्पना त्यानंतर सर्वत्र पसरली. पण पुढे अडचणी आल्या. काही अभ्यासांत, विशेषतः लहान मुलांमध्ये, जोडण्या उलट अधिक आढळल्या. शिवाय २०१२ च्या सुमारास एक अवघड गोष्ट ध्यानात आली. तपासणीच्या वेळी डोके अगदी मिलिमीटरच्या अंशाने हलले, तरी दूरच्या जोडण्या आहेत त्यापेक्षा क्षीण आणि जवळच्या बळकट भासतात. कर्कश आवाज करणाऱ्या त्या बोगद्यात निश्चल पडून राहणे स्वमग्न मुलाला किती कठीण, हे आपल्याला सांगावयास नको. पूर्वी दिसलेल्या फरकाचा काही भाग त्या हालचालीचाच असू शकत होता.

याच काळात १७ केंद्रांनी आपली माहिती एकत्र केली. त्यात १,११२ व्यक्तींच्या तपासण्या होत्या. ५३९ स्वमग्न आणि ५७३ इतर. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात काही जोडण्या कमी, तर काही अधिक आढळल्या. २०१५ साली इस्रायल व अमेरिकेतील संशोधकांनी आणखी एक मुद्दा मांडला : स्वमग्न व्यक्तींच्या जोडण्यांची घडण एकमेकांशीही फारशी जुळत नाही, प्रत्येकाची ठेवण निराळी असते.

हे सारे फरक गटांच्या सरासरीचे आहेत. पुरुषांची सरासरी उंची स्त्रियांपेक्षा अधिक असते. पण केवळ उंचीचा आकडा ऐकून ती व्यक्ती पुरुष की स्त्री, हे आपण सांगू शकत नाही. स्कॅनचेही तसेच आहे. २०१७ साली ५९ तान्ह्या बाळांच्या झोपेतील तपासणीवरून, पुढे स्वमग्नतेचे निदान झालेल्या ११ पैकी ९ बाळे आधीच ओळखता आली, हे खरे. मात्र ती सर्व बाळे स्वमग्न भावंड असलेल्या घरांतील होती आणि त्यांची संख्याही लहान होती. दवाखान्यात निदानासाठी वापरता येईल, अशी ही तपासणी नाही.

तेव्हा आपण काय करावे? निदान आजही मुलाचे वागणे पाहून आणि पालकांशी सविस्तर बोलूनच होते. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ ते करतात. फिट येणे, शरीराची एक बाजू दुबळी असणे, आलेली कौशल्ये झपाट्याने हरवणे अशी लक्षणे असल्यास डॉक्टर एमआरआय सुचवू शकतात; ती तपासणी अन्य आजार शोधण्यासाठी असते आणि ती टाळू नये. पण केवळ 'स्वमग्नता पक्की करण्यासाठी' स्कॅनचा आग्रह धरू नये. लहान मुलाला त्यासाठी गुंगीचे औषधही द्यावे लागू शकते. उपचारापूर्वीची आणि नंतरची रंगीत चित्रे दाखवून 'जोडण्या दुरुस्त झाल्या' असे कोणी सांगितले, तर सावध व्हावे. ते रंग संगणकाने आकड्यांवरून भरलेले असतात. मूल आता काय करू शकते जे पूर्वी करू शकत नव्हते, हा प्रश्न त्यांना विचारावा. पैसे भरण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा सल्लाही घ्यावा.

प्रत्येक स्वमग्न मेंदूची ठेवण निराळी असेल, तर त्या एका मुलाला बारकाईने ओळखणारे माणूस फार मोलाचे ठरते, आणि ते काम आजी-आजोबांइतके कोण करील? एक वही घालावी. कुकरच्या शिटीने नातू कान झाकतो का, कोणत्या स्पर्शाने शांत होतो, हवी ती वस्तू बोट दाखवून मागतो की हात धरून नेतो, झोप कधी बिघडते, हे तारखेसह लिहावे. पुढच्या भेटीत ती वही थेरपिस्टना दाखवावी. आणि 'तू मोबाईल दिलास म्हणून हे झाले' असे सुनेला वा लेकीला बोलला असाल, तर आजच तिला जवळ बसवून सांगावे, की यात तिचा दोष नाही.