वळिवड्याची पोरकी मुले आणि वॉर्साचा दावा

कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यात बहुतेक स्त्रिया आणि मुले. १९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड व्यापला आणि पुढच्या दोन वर्षांत तिथली लाखो माणसे सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केली. त्या हालअपेष्टांतून वाचलेले लोक इराणमार्गे भारतात आले. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये बालाचडीला पोलिश मुलांसाठी छावणी उघडली. त्यांतली बरीच मुले अनाथ होती. १९४६ मध्ये ती छावणी बंद झाली, तेव्हा उरलेली मुले वळिवड्याला आली.

तोवर युद्ध संपले होते आणि मुलांचा ताबा हा राजकारणाचा विषय झाला होता. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि मॉस्कोच्या छायेतल्या वॉर्सा सरकारला दिली. त्या सरकारचे म्हणणे सरळ होते : मुले पोलंडची आहेत, परत पाठवा. सक्तीची पाठवणी टाळण्यासाठी जामसाहेब, बालाचडी छावणीतले पोलिश धर्मगुरू फादर प्लुटा आणि ब्रिटिश अधिकारी जेफ्री क्लार्क यांनी अनाथ मुलांचे पालकत्व दत्तकाच्या कायदेशीर मार्गाने स्वतःकडे घेतले. प्लुटा पुढे काही मुलांना घेऊन अमेरिकेला गेले. वॉर्साने त्यांच्यावर मुले पळवल्याचा ठपका ठेवला. १९४९ मध्ये आफ्रिकेतल्या टेंगेरू छावणीतली सुमारे दीडशे पोलिश मुले कॅनडाला नेली गेली, तेव्हाही हाच आरोप झाला.

हे दत्तकपत्र म्हणजे साम्यवादविरोधी डावपेच होता, असा आक्षेप घेता येईल. त्यात राजकारण होतेच. पण ज्या सत्तेने मुलांची घरे उद्ध्वस्त केली, तिच्याच अंकित सरकारच्या हाती ती सोपवणे हेही राजकारणच ठरले असते. दुसरा आक्षेप असा, की मुलाला आपली भाषा आणि संस्कृती मिळायला हवी. वळिवड्यात पोलिश शाळा, चर्च, स्काउट पथके होती. हा हक्क तिथे जपला गेला. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे : पोलंडमध्ये एखाद्या मुलाचे आईवडील जिवंत असतील तर? तसे असेल तिथे त्यांचाच हक्क पहिला, आणि त्यांचा शोध घेणे हे दत्तक घेणाऱ्यांचे कर्तव्य. परंतु हा हक्क आईवडिलांचा आहे, सरकारचा नव्हे.

याच कसोटीवर एलियान गोन्सालेसचे प्रकरण तपासावे. १९९९ मध्ये क्यूबाहून अमेरिकेकडे निघालेली त्याची आई समुद्रात बुडाली. पाच वर्षांचा एलियान वाचला आणि मायामीतल्या नातलगांनी त्याला परत पाठवायला नकार दिला. पण क्यूबात त्याचे वडील त्याला मागत होते, म्हणून जून २००० मध्ये तो परत गेला. साम्यवादी राजवटीच्या देशात एलियानने जावे आणि वळिवड्याच्या मुलांनी जाऊ नये, यात विसंगती नाही. पहिल्या ठिकाणी बाप मागत होता, दुसऱ्या ठिकाणी सरकार. १९८९ च्या बालहक्क करारानेही मुलाचे हित आणि त्याचे म्हणणे यांना महत्त्व दिले असून भारत १९९२ पासून त्या कराराशी बांधील आहे. तेव्हा निर्वासित मुलाच्या ताब्याचा वाद पुन्हा उभा राहील, त्या वेळी झेंडा कोणाचा हे नंतर पाहावे. आधी त्या मुलाचे जिवंत माणूस कोण, हे विचारावे.