डॉक्टरांचा हप्ता आणि रुग्णाचा केसपेपर

सुपरस्पेशालिटीपर्यंत शिकलेल्या डॉक्टरच्या हातात पहिली भरीव कमाई पडते तेव्हा त्याचं वय तेहतिशीच्या आसपास असतं. एमबीबीएसची साडेचार वर्षं, वर्षभराची इंटर्नशिप, बंधपत्राची सरकारी सेवा, प्रवेशपरीक्षांच्या तयारीत गेलेला काळ, एमडी-एमएसची तीन वर्षं आणि डीएम-एमसीएचची आणखी तीन. बाविसाव्या वर्षी नोकरीला लागलेल्या त्याच्या इंजिनिअर मित्राने महिना २० हजार बाजूला टाकले आणि १० टक्के परतावा धरला, तर या ११ वर्षांत त्याच्याकडे ४८ लाखांच्या घरात रक्कम साठते. डॉक्टरच्या नावावर तेव्हा बहुधा शैक्षणिक कर्ज असतं.

हे अंतर भरून काढायची घाई त्याला असते, आणि त्याच्यापेक्षा जास्त घाई भोवतालच्यांना असते. ‘स्वतःचं हॉस्पिटल कधी?’ हा प्रश्न घरचे विचारतात, सासरचे विचारतात. बँकवाले तर डॉक्टर म्हटल्यावर अर्ज घेऊन दारात येतात. या टप्प्यावर घेतलेला निर्णय पुढची १५ वर्षं त्याची प्रॅक्टिस कशी चालेल हे ठरवतो. म्हणून डॉक्टरांच्या पैशांचा विषय मला फक्त डॉक्टरांचा वाटत नाही. त्यांच्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाचा तो विषय आहे.

आकडे मांडून पाहू. तालुक्याच्या गावात इमारतीसाठी दीड कोटीचं कर्ज, १० टक्के व्याज, १५ वर्षं मुदत. हप्ता १ लाख ६१ हजार. यंत्रसामग्रीसाठी ४० लाख, ११ टक्के, ७ वर्षं. हप्ता साडेअडुसष्ट हजार. दोन्ही मिळून महिना २ लाख ३० हजार. एका ॲडमिशनमागे सगळा खर्च वजा जाता ५ हजार उरतात असं धरलं, तरी महिन्यातले पहिले ४६ रुग्ण केवळ बँकेसाठी झाले. आरएमओ, सिस्टर, मावशी यांचे पगार, वीजबिल, जैववैद्यकीय कचऱ्याचं शुल्क हे कमीअधिक प्रमाणात खाटा रिकाम्या असतानाही द्यावं लागतं.

आता अशा डॉक्टरसमोर एक सीमारेषेवरचा रुग्ण बसला आहे. दोन दिवस घरी औषध देऊन पाहता येईल, किंवा ॲडमिट करता येईल. वैद्यकशास्त्र दोन्हीला मुभा देतं. महिन्याची २५ तारीख आहे आणि खाटा रिकाम्या आहेत. डॉक्टर वाईट नसतो, खोटंही बोलत नाही. पण त्याच्या तराजूत एका बाजूला वजन आधीच पडलेलं असतं. कट प्रॅक्टिसचं मूळही मला इथेच दिसतं. रुग्ण पाठवणाऱ्याला वाटा देऊन खाटा भरायच्या, किंवा तपासणीला रुग्ण पाठवून लॅबकडून वाटा घ्यायचा. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेने असं कमिशन देणं-घेणं दोन्ही निषिद्ध ठरवलं आहे. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून कटविरोधी कायद्याचा मसुदाही करून घेतला होता. नियम हवेतच. पण हप्त्याचा दाब जिथे असतो तिथे नियमाला पळवाट शोधली जाते, हेही खरं.

म्हणून तरुण डॉक्टरने पहिली चार-पाच वर्षं मोठं कर्ज न काढता कन्सल्टंट म्हणून काढावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. यात कमीपणा नाही आणि हिशेबही डॉक्टरच्या बाजूने आहे. एखाद्याला वर्षाला ३६ लाख मिळतात असं समजू. हे पगार म्हणून आले, तर २०२५-२६च्या नव्या करप्रणालीत प्रमाणित वजावटीनंतर कर साधारण ६ लाख ६३ हजार होतो. तेच व्यावसायिक फी म्हणून आले, तर अनुमानित करआकारणीचा मार्ग खुला होतो. २०१६च्या वित्त कायद्याने आणलेलं ‘४४एडीए’ ते हेच. एकूण जमेची निम्मी रक्कम उत्पन्न धरून त्यावर कर भरता येतो. मर्यादा ५० लाखांची, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. इथे करपात्र उत्पन्न १८ लाख आणि कर सुमारे १ लाख ६६ हजार. हॉस्पिटलने १० टक्क्यांनी ३ लाख ६० हजार टीडीएस कापलेला असतो, त्यामुळे उलट परतावाच येतो. फरक जवळजवळ ५ लाखांचा. अर्थात पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा यांवर पाणी सोडावं लागतं. आजारी पडलं की त्या दिवसाची कमाई बुडते. या ५ लाखांतूनच ती सोय करायची असते, हे अनेक जण विसरतात.

नुसतं ‘कन्सल्टंट’ असं नाव दिल्याने नोकरी संपत नाही. पुण्याच्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली अशा डॉक्टरांचं नातं मालक-नोकराचं नाही असं मानलं, ते कराराच्या अटी तपासून. म्हणून करार वाचावा. आपला वाटा बिलाच्या रकमेवर आहे की वसूल झालेल्या रकमेवर? व्यवस्थापनाने रुग्णाला सवलत दिली तर ती कोणाच्या वाट्यातून जाणार? विमा कंपनीने बिलातली रक्कम कापली तर? पैसे किती दिवसांत मिळणार, आणि ‘मिनिमम गॅरंटी’ संपल्यावर काय? शस्त्रक्रियेत एक मिलिमीटर न चुकणारी माणसं चार पानांच्या करारावर न वाचता सही करतात, याचं मला फार वाईट वाटतं. कमाई वाढवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग त्या चार पानांत असतो.

विम्याबद्दल थोडक्यात. १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून व्यावसायिक दायित्वाचा विमा हा ऐच्छिक खर्च उरलेला नाही. या पॉलिसीत एक खाच आहे. उपचार केले तेव्हा नव्हे, तर दावा दाखल होतो तेव्हा पॉलिसी चालू असावी लागते. मध्ये एक वर्ष खंड पडला तर जुन्या रुग्णांबाबतचं संरक्षणही जाऊ शकतं. मुदतीचा आयुर्विमा विवाहित पुरुषाने १८७४च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली घेतला, तर ती रक्कम पत्नी-मुलांचीच राहते. धनकोंना त्यावर हात टाकता येत नाही. कर्ज काढणाऱ्या डॉक्टरने हे पॉलिसी घेतानाच करायचं असतं, नंतर नाही. बचत आणि विमा एकत्र करून विकल्या जाणाऱ्या पॉलिसी मात्र नातेवाइकाच्या भिडेखातर घेऊ नयेत.

सगळ्यात अवघड गोष्ट फीची. आपल्याकडे अर्धा तास नीट तपासून, जुने रिपोर्ट वाचून ‘ऑपरेशनची गरज नाही’ असं सांगणाऱ्या डॉक्टरला काही शे रुपये मिळतात, आणि ऑपरेशन केलं तर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे गरज नाही असं सांगण्याचं मोल जवळजवळ शून्य. मग उत्पन्न वाढवायचं तर प्रक्रिया वाढवा, असा अर्थ आपोआप निघतो. तपासणीची फी वाढवायला डॉक्टर संकोचतात, कारण गावात बोभाटा होईल. मला वाटतं त्यांनी ती वाढवावी, दर्शनी भागात लिहावी, आणि वाढवलेल्या फीइतका वेळ खरोखर द्यावा. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी आठवड्यातली एक ओपीडी कमी दरात ठेवता येते. अनेक जण ठेवतातही. रुग्णांनीही पाचशे रुपयांच्या सल्ल्याला महाग म्हणताना, तो सल्ला न मिळाल्यामुळे झालेल्या तपासण्यांचं बिल शेजारी ठेवून पाहावं.

आणि हॉस्पिटल काढायचंच असेल, तर तिघा-चौघांनी मिळून काढावं. सोनोग्राफी, ओटी, रिसेप्शन एकच. हप्ता वाटला जातो, रात्रीची ड्यूटी वाटली जाते, कुणाला रजा घेता येते. भागीदारीच्या करारात वेगळं होण्याच्या अटी पहिल्याच दिवशी लिहून ठेवाव्यात: बाहेर पडणाऱ्याच्या वाट्याची किंमत कोण ठरवणार, किती महिन्यांत देणार, आणि त्याचे रुग्ण त्याच्याबरोबर जाऊ शकणार की नाही.