शेवटचे दहा मीटर

जीपीएस माणसाला ठिकाणापासून पाच-दहा मीटरवर आणून सोडतं. पुढचं अंतर डोळ्यांनी शोधत कापायचं असतं. जिओकॅशिंग या छंदाची गोडी त्या शेवटच्या दहा मीटरांत आहे. पण शोधणारा किती जाणता आहे, हे त्याने घरी बसून केलेल्या तयारीवरून कळतं. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, अकोले तालुक्याच्या डोंगरांत आणि पारनेरच्या कातळावर फिरताना माझं हे मत पक्कं झालं आहे.

छंदाचं वय फार नाही. नागरी वापराच्या जीपीएसमध्ये अमेरिकेने मुद्दाम मिसळलेली चूक 2 मे 2000 रोजी काढून टाकली. तोवर शंभर मीटरपर्यंत हुकणारं यंत्र एका रात्रीत कामाचं झालं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या संगणकतज्ज्ञाने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली. आत वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू ठेवल्या आणि जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शिरस्ता तेव्हापासून तोच आहे. बिंदू गाठायचा, डबा शोधायचा, वहीत नाव आणि तारीख लिहायची. वस्तू उचलली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवायची. डबा होता तिथे, होता तसा झाकायचा. डबा जमिनीत पुरायचा नाही आणि जागेच्या मालकाला विचारल्याशिवाय ठेवायचा नाही.

आपल्याकडे हा छंद विरळ आहे आणि डबा लपवण्याआधी इथे दहा वेळा विचार करावा लागतो. एसटी स्टँडवर बेवारस वस्तूंबद्दलची सूचना आपण लहानपणापासून ऐकतो. नगरचा भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. तिथल्या तटाच्या फटीत कुणी बंद डबा सारला तर तो पोरखेळ महागात पडेल. हरिश्चंद्रगड-कळसूबाई हा पट्टा अभयारण्याचा, तिथे प्लॅस्टिकचा डबा मागे सोडणं म्हणजे कचरा टाकणंच. यावर चांगला तोडगा आहे तो ‘अर्थकॅश’चा. अमेरिकेच्या भूगर्भशास्त्र संस्थेने 2004 मध्ये सुरू केलेल्या या प्रकारात डबाच नसतो. बिंदूवर पोचायचं, समोरचा भूगोल वाचायचा आणि ठरवून दिलेल्या प्रश्नांची उत्तरं तिथेच उभं राहून शोधायची.

अशा शोधासाठी निघोजइतकी चोख जागा क्वचित सापडेल. पारनेर तालुक्यात कुकडी नदीने काळ्या बेसॉल्टमध्ये रांजणखळगे कोरले आहेत. वाहत्या पाण्याचा भोवरा खाचेत अडकलेल्या गोट्यांना गरगर फिरवतो, गोटे कातळ घासतात, स्वतःही झिजतात. ते संपले की पुराबरोबर नवे येतात. काठावर ओणवं होऊन एखाद्या खळग्यात नीट पाहिलं, तर आतल्या भिंतीवर गोल फिरत उतरलेल्या पन्हळी दिसतात. हात फिरवला तर आतली बाजू गुळगुळीत लागते आणि वरचा उघडा कातळ खरखरीत. कोरड्या खळग्याच्या तळाशी अंड्याएवढे गोटे पडलेले असतात. हे काम त्यांनीच केलेलं. शेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत झिजून फुटली की त्यांचा एक मोठा खळगा होतो. नदी अशीच खोल जात राहते. कुठल्या खळग्यात गोटे उरलेत, काठ कोणत्या बाजूला जास्त झिजलाय, दोन खळगे कुठे एकमेकांत शिरलेत, हे प्रश्न सोबतच्या मुलांना घालावेत. तासभर त्यांना फोन आठवत नाही. गोटे मात्र खिशात घालायचे नाहीत. पुढच्या पुरात तेच कातळ कोरणार आहेत.

निघोजला जायचं तर दिवस निवडण्यापासून नियोजन सुरू होतं. पावसाळ्यात खळगे पाण्याखाली जातात आणि ओल्या काठावर पाय ठरत नाही. कुकडीवर वरच्या बाजूला माणिकडोह आणि येडगाव ही धरणं आहेत, त्यामुळे नदीला पाणी सोडलंय का, हे आधी विचारून घ्यावं. काठावर मळगंगादेवीचं ठाणं आहे. यात्रेच्या गर्दीत कातळ वाचायला जाऊ नये, आणि एरवीही देवीला आलेल्या माणसांना आधी वाट द्यावी.

डोंगरातलं नियोजन याहून कठीण. हरिश्चंद्रगडाला पाचनईकडून जायचं ठरलं की आदल्या संध्याकाळी मी तीन गोष्टी शेजारी मांडतो: नकाशा, कुणीतरी चालून नोंदवलेला ट्रॅक आणि गावातल्या माणसाचा फोन नंबर. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 च्या नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये 20 मीटरची उंची असते. म्हणजे दहा-बारा मीटरचा सरळ कातळटप्पा दोन रेषांच्या मधे सहज लपू शकतो. तो नकाशावर दिसणार नाही, गावकऱ्याला विचारला तरच कळेल. ट्रॅकचंही तसंच आहे. तो कुठल्या महिन्यात नोंदवला, हे पाहिल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नये. मे महिन्यात कोरड्या ओढ्यातून चढलेल्या माणसाची रेषा जुलैत तुम्हाला धबधब्याखाली नेईल.

फोनवरचा बाण सरळ रेषेतलं अंतर दाखवतो. कोकणकड्याच्या काठावर उभं राहिलं तर खालच्या बेलपाड्याच्या बाजूचा एखादा बिंदू बाणाला जवळ वाटेल. मधे अख्खा कडा आहे, हे बाणाला ठाऊक नसतं. साम्रदजवळच्या सांदण दरीत तर डोक्यावर आभाळाची चिंचोळी पट्टी उरते, उपग्रहांचे संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतात आणि नकाशावरचा आपला ठिपका दरीबाहेर उड्या मारू लागतो. अशा वेळी फोन खिशात टाकून पायाखालची वाट पाहावी.

वाट पाहायची म्हणजे काय? मळलेल्या वाटेवर दगडांचे माथे पावलांनी गुळगुळीत झालेले असतात. ढोरवाटा रुंद आणि मोहात पाडणाऱ्या असतात, पण गवताच्या टप्प्यावर जाऊन दहा दिशांना फुटतात. अशाच एका वाटेवर गुरांमागे चाललेल्या मामांनी लांबूनच हाक दिली होती, “दादा, ही गुरांची वाट. माणसांची वर राहिली.” खात्री करायची तर दगडांच्या लगोऱ्या शोधाव्यात. लगोरी चुकीच्या जागी दिसली तरी आपल्या मनाने मोडू नये, गावात विचारावं. आणि फोटोसाठी नवी तर मुळीच रचू नये. हौसेने रचलेली एक लगोरी धुक्यात मागच्या गटाला कड्याच्या काठावर नेऊ शकते. कातळावर रंगाचे नवे बाण काढायचा अधिकारही आपल्याला नाही.

बाकीचे रिवाज डोंगरात फिरणारे एकमेकांकडून शिकतात. नाळेतून चढताना दगड सुटला तर ‘दगड, दगड!’ म्हणून ओरडायचं आणि वरचा माणूस स्थिर झाल्याशिवाय खालच्याने निघायचं नाही. पाण्याच्या टाक्यात पाय बुडवायचे नाहीत. गावातल्या एखाद्या घरी पिठलं-भाकरी सांगितली असेल तर ठरल्या वेळी पोचायचं, बेत रद्द झाला तर फोन करून कळवायचं. त्या घराने चार माणसांचं पीठ मळलेलं असतं. वाटाड्या घेतला तर पैशांची घासाघीस करू नये. तो वाटेचा राखणदारही आहे.

एक रिवाज नव्याने रुजवायला हवा. प्रत्येक बिंदू जाहीर करायचा नसतो. पावसाआधी भंडारदरा परिसरात हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे लखलखतात. ती लुकलुक नर-मादीची खूण असते. बॅटऱ्या आणि गाड्यांचे दिवे पडले की ती विस्कटते. अशा एखाद्या झाडाचे अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत पसरवले, तर अनोळखी माणूसही अकराएक मीटरच्या आत पोचतो आणि पुढच्या शनिवारी त्याच्यामागे पन्नास गाड्या येतात. गिधाडांची घरटी आणि गावकऱ्यांची पिण्याच्या पाण्याची झरी यांनाही हेच लागू आहे.

शोधाचा छंद मुलांना जरूर लावा. सुरुवात निघोजपासून करा, कातळावर प्रश्न घेऊन जा. ट्रॅक नोंदवलात तर त्यासोबत महिना, पाण्याच्या जागा आणि लागलेला वेळ प्रामाणिकपणे लिहा. तुमच्या त्या चार ओळींवर विसंबून उद्या कुणीतरी घराबाहेर पडणार आहे.