चाकं बदलताय? आधी सेन्सर जुळवा

रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत कुठेही पिकअपला अलॉय चाकं चढवायची असोत, टायरच्या दाबाचा सेन्सर आधी तपासा. तो रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी बसतो. अमेरिकी गाड्यांत बहुधा ३१५ मेगाहर्ट्झचा, युरोपीय गाड्यांत ४३३ चा. फ्रिक्वेन्सी जुळली तरी प्रोटोकॉल वेगळा असेल, तर डॅशबोर्डवरचा दिवा विझत नाही. एबीएसवरून दाब ताडणाऱ्या गाड्यांच्या चाकात सेन्सरच नसतो; तिथे रीसेट पुरतं.

किनाऱ्यावर खरी भीती खाऱ्या हवेची. सेन्सरच्या ॲल्युमिनियम व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन बसवली, की दोन धातूंत गंज धरतो, पिन आत जखडते आणि ती काढताना व्हॉल्व्हच तुटतो. पंक्चरवाल्याकडे निकेलचा मुलामा असलेलीच पिन मागा.